यांची सम कुठे असते? एका अल्बमच्या आधाराने जॅझ ऐकण्याची रीत

माझे मामा गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पखवाज वाजवत आले आहेत. एकदा ते आमच्याकडे मुक्कामाला असताना मी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम लावला होता. मामा भिंतीला टेकून ऐकत होते आणि नेहमीच्या सवयीने त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. सात-आठ मिनिटांनी त्यांनी हात थांबवला आणि विचारले, "वाजवतात गोड, पण यांची सम कुठे असते रे?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ ऐकल्यावर लक्षात आले की जॅझकडे नव्याने वळलेल्या श्रोत्याची बहुतेक अडचण याच प्रश्नात सामावलेली असते. वादक काय वाजवतो आहे हे उमगण्याआधी तो आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे, हे कळावे लागते. ते कळले नाही तर सगळे वादन एकाच सुखद पण दिशाहीन ओघासारखे वाटते आणि दोन-तीन अल्बम ऐकून झाले की उत्साह मावळतो. म्हणून या लेखात शंभर नावांची यादी दिलेली नाही. एकच अल्बम घेतला आहे. तो महिनाभर कसा ऐकावा आणि त्यातून पुढच्या वाटा कशा फुटतात, हे क्रमाने सांगितले आहे.

हाच अल्बम का?

'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रकाशित झाला. त्याची कीर्ती मोठी आहे, पण शिकण्यासाठी तो सोयीचा असण्याची कारणे वेगळी आहेत. त्याआधीच्या दशकातील जॅझमध्ये पाठीमागचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, भराभर बदलत असत आणि त्या बदलांचा पाठलाग करत वादकाला आपली उपज मांडावी लागे. डेव्हिस यांनी या अल्बममध्ये ते बदल कमी केले आणि एकेका स्वरपंक्तीवर वादकाला बराच वेळ रेंगाळू दिले. एका थाटात राहून बढत करण्याची ही पद्धत रागसंगीत ऐकलेल्या कानाला लवकर जवळची वाटते. शिवाय लय फारशी द्रुत नाही, सगळे मिळून पाऊण तासाच्या आसपासचे वादन आहे आणि तीन प्रमुख वादकांचे स्वभाव इतके भिन्न आहेत की पहिल्या आठवड्यातच ते डोळे मिटून ओळखता येतात.

आधी वादकांची नावे वहीत लिहून घ्यावीत. ट्रम्पेटवर स्वतः डेव्हिस, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टो सॅक्सोफोनवर ज्युलियन 'कॅननबॉल' ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब. 'फ्रेडी फ्रीलोडर' या एकाच रचनेत पियानोवर विंटन केली आहेत. मोबाइलवरील संगीताच्या ॲपमध्ये पुष्कळदा फक्त मुख्य कलाकाराचे नाव दिसते, त्यामुळे कोण काय वाजवते हे आधी शोधून लिहिणे हे काम श्रोत्यालाच करावे लागते. ते टाळू नये. जॅझमध्ये अल्बमच्या मागच्या बाजूची ही नावेच पुढचा रस्ता दाखवतात.

तयारी

मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. त्यातून बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि बेस नाहीसा झाला की या संगीताचा पायाच दिसेनासा होतो. साधे पण कानाला नीट बसणारे हेडफोन किंवा दोन स्पीकर पुरेत. ॲपमधील क्रम उलटसुलट करणारी सोय बंद करावी आणि मूळच्या पाच रचना मूळ क्रमाने लावाव्यात. हेडफोन उजवा-डावा नीट पाहून घालावा, कारण या ध्वनिमुद्रणाच्या स्टीरिओ आवृत्तीत कोल्ट्रेन डावीकडे आणि ॲडर्ली उजवीकडे ऐकू येतात. दोन सॅक्सोफोनमधला फरक सुरुवातीला कळत नसेल तर ही खूण उपयोगी पडते.

पहिल्यांदा ऐकताना काहीही करू नये. मोजू नये, लिहू नये, वाचू नये. पाऊण तास दिवा मंद करून बसावे. जे आवडले ते का आवडले याचा विचार दुसऱ्या दिवशी.

'सो व्हॉट' मोजणे

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पहिलीच रचना, म्हणजे 'सो व्हॉट', रोज एकदा ऐकावी. ती सुमारे सव्वानऊ मिनिटांची आहे.

सुरुवातीचा अर्धा मिनिट पियानो आणि बेस यांचा संथ, लय न धरता केलेला प्रवेश आहे. त्याला आपल्याकडच्या आलापाची जागा द्यावी आणि तिथे मोजू नये. त्यानंतर बेस एक वाक्य बोलतो आणि त्याला दोन स्वरसमूहांचे छोटे उत्तर मिळते. आधी हे उत्तर पियानो देतो, मग त्यात तिन्ही फुंकवाद्ये मिसळतात. बेसने मुख्य धून वाजवावी आणि बाकीच्यांनी फक्त हुंकार भरावा, ही मांडणी त्या काळात दुर्मीळ होती. या मुख्य धुनेला वादक 'हेड' म्हणतात.

आता मोजणी. चार मात्रांचा एक बार. आठ बारांचा एक भाग. असे चार भाग मिळून बत्तीस बारांचे एक आवर्तन होते, त्याला 'कोरस' म्हणतात. चार भागांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा सारखे आणि तिसरा वेगळा. धृपदाची ओळ दोनदा, मग अंतरा, मग पुन्हा धृपद, अशी ही रचना समजावी. तिसऱ्या भागाला 'ब्रिज' म्हणतात. त्रितालाची सवय असलेल्या माणसाला हे आणखी सोपे पडते, कारण आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, म्हणजेच त्रितालाची दोन आवर्तने. पेरांवर सोळा मात्रा दोनदा मोजल्या की एक भाग संपतो आणि अशी आठ आवर्तने झाली की एक कोरस पुरा होतो. घड्याळाच्या हिशेबाने त्याला एका मिनिटाला थोडा वेळ कमी लागतो.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. जॅझमधली सम म्हणजे कोरसची पहिली मात्रा. मात्र त्या जागी ठणठणीत आघात होईलच असे नाही. उलट चांगला ड्रमवादक आणि एकल वादक ती जागा पुष्कळदा झाकून ठेवतात, वाक्य तिच्यावरून पुढे ओढून नेतात आणि तरीही सहाजणांपैकी एकाचाही हिशेब चुकत नाही. खाली-भरी नसते, ठेक्याचे बोलही नसतात. जागा ओळखायची ती मुख्यत्वे स्वरांच्या बदलावरून.

तो बदल कानाने पकडण्याची एक युक्ती मला फार उपयोगी पडली. तंबोऱ्याचे ॲप पांढरी दोनला लावावे, आवाज अगदी बारीक ठेवावा आणि वर 'सो व्हॉट' लावावे. या रचनेचे पहिले सोळा बार ज्या स्वरपंक्तीत आहेत तिला पाश्चात्त्य परिभाषेत डोरियन म्हणतात आणि तिचे स्वर आपल्या काफी थाटाचेच आहेत, गंधार-निषाद कोमल आणि बाकीचे शुद्ध. तंबोरा त्या सोळा बारांत बिनबोभाट मिसळतो. सतराव्या बारावर तोच थाट उचलून अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर नेला जातो आणि खाली चाललेला तंबोरा एकदम खटकू लागतो. आठ बार ते खटकणे सहन करावे. पंचविसाव्या बारावर सगळे पुन्हा पांढरी दोनवर उतरतात आणि तंबोरा परत जुळतो. हा खटका आणि ही सुटका दोन-तीनदा अनुभवली की तंबोरा बंद केला तरी ब्रिज आपोआप ऐकू येतो, मोजावा लागत नाही. इथे राग काफी शोधू नये. चलन, न्यास, वादी-संवादी यांपैकी काही नाही, फक्त स्वरांचा संच तोच आहे.

तंबोरा मुळातच किंचित उतरलेला वाटला तर दोष कानाचा नसण्याची शक्यता आहे. अल्बमच्या पहिल्या बाजूच्या तीन रचना ध्वनिमुद्रित होताना टेप यंत्र थोडे हळू फिरत होते, त्यामुळे वाजवताना त्या मूळ स्वरापेक्षा किंचित चढ्या येत. ही चूक १९९० च्या दशकातील आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली. जुनी तबकडी किंवा कॅसेट असेल तर तंबोऱ्याचा स्वर तेवढा वर सरकवून घ्यावा.

हेड संपून साधारण दीड मिनिटाला डेव्हिस यांचे एकल वादन सुरू होते आणि नेमक्या त्याच जागी जिमी कॉब झांजेवर, म्हणजे सिंबलवर, एक आघात करतात. तो आघात बराच वेळ झिणझिणत राहतो आणि त्या झिणझिणीखालून ट्रम्पेटचे पहिले वाक्य निघते. या एका क्षणासाठी मी ही रचना कितीदा लावली असेल, याचा हिशेब नाही. डेव्हिस दोन कोरस वाजवतात, मग कोल्ट्रेन दोन, मग ॲडर्ली दोन आणि शेवटी एव्हान्स एक. एव्हान्स वाजवत असताना हेडमधले ते दोन स्वरसमूहांचे उत्तर फुंकवाद्ये मागून देत राहतात; ती हेड परत येण्याची चाहूल असते.

तीन स्वभाव

आवर्तन हाताशी आले की मग वादकांकडे पाहावे. डेव्हिस थोडे स्वर वाजवतात. एक वाक्य, मग मोकळी जागा, मग तेच वाक्य जरा वळवून. त्यांचे दोन कोरस गुणगुणता येतात आणि ते खरोखर पाठ करून गुणगुणावेत. वादकाच्या विचारात शिरण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. पाठ करताना लक्षात येते की त्यांच्या मोकळ्या जागाही मोजून सोडलेल्या आहेत.

कोल्ट्रेन येताच हवा बदलते. त्यांचा स्वर कडक आणि सरळ आहे, वाक्ये लांब आहेत आणि एकाच स्वरसमुदायाला चारी बाजूंनी तपासून पाहिल्याशिवाय ते त्याला सोडत नाहीत. ॲडर्ली यांचा आल्टो गोलाई असलेला, हसतमुख आहे. त्याच स्वरांत ते ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गीतप्रकाराच्या, मुरक्या आणि जलद वळसे घालतात. तिघांचे मार्ग एकाच बत्तीस बारांच्या अंगणातून जातात, म्हणून तुलना न्याय्य होते. ब्रिज आला की प्रत्येकजण तो कसा ओलांडतो, हे मुद्दाम पाहावे: आधीच चाहूल देऊन, उंबरठ्यावर थांबून, की वाक्य तोडून उडी मारून.

मागे उभे असलेले

दुसऱ्या आठवड्यात एकल वादकांकडे दुर्लक्ष करायचे. हे कठीण वाटते पण जमते. एका दिवशी पूर्ण रचनेत फक्त बेस ऐकावा. हेड संपल्यावर चेंबर्स प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालू लागतात. या चालीला 'वॉकिंग बेस' म्हणतात. ते स्वर ठोकळेबाज येत नाहीत. प्रत्येक बार पुढच्या बारात कसा पाऊल टाकतो आणि ब्रिजच्या आधीच्या दोन मात्रांत बेस वर चढायला कशी सुरुवात करतो, हे ऐकण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी फक्त सिंबल. कॉब यांच्या उजव्या हातातली काठी मोठ्या सिंबलवर एक अखंड नक्षी काढत असते, साधारण 'टिंग, टिं-टि टिंग, टिं-टि' अशी. इथे मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, पण नेमका किती लांब ते लयीप्रमाणे आणि वादकाप्रमाणे बदलते. हाच तो 'स्विंग'. त्याची व्याख्या शब्दांत करता येत नाही, पण पायाला तो लगेच कळतो. पायाखालच्या दोन लहान सिंबल दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतात. आपल्याला पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची सवय असते. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवून पाहावी, म्हणजे वजन कुठे आहे ते कळेल.

तिसऱ्या दिवशी पियानोची साथ. एकल वादन चालू असताना एव्हान्स मधूनमधून दोन-चार स्वर ठेवतात आणि पुष्कळ वेळा काहीच ठेवत नाहीत. याला 'कॉम्पिंग' म्हणतात. हार्मोनियमच्या साथीसारखे मागोमाग जाणे इथे अपेक्षित नसते. साथीदाराने वादकाच्या पुढ्यात एखादी शक्यता ठेवायची आणि ती उचलायची की नाही हे वादकाने ठरवायचे.

बाकीच्या चार रचना

'फ्रेडी फ्रीलोडर' हा बारा बारांचा ब्लूज आहे आणि ब्लूज समजल्याशिवाय जॅझ समजत नाही, म्हणून इथे एक आठवडा द्यावा. चार-चार बारांच्या तीन ओळी. पहिली ओळ मूळ आधारस्वरावर, इथे काळी पाचवर. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आधार मध्यमावर जातो आणि ओळीच्या मध्यावर परत येतो. तिसऱ्या ओळीला तो पंचमावर उडी घेऊन घराकडे उतरू लागतो. या रचनेत शेवटच्या दोन बारांत डेव्हिस नेहमीचे घर न देता निषाद कोमलाच्या बाजूला वळवतात, त्यामुळे आवर्तन पुरे झाल्यासारखे वाटत नाही आणि पुढचे सुरू करावेच लागते. केली, डेव्हिस, कोल्ट्रेन, ॲडर्ली आणि चेंबर्स अशा क्रमाने सगळे वाजवतात; कोणी किती आवर्तने घेतली हे पेरांवर मोजून वहीत लिहावे. केली यांचा पियानो किती उड्या मारत चालतो ते इथे ऐकले की उरलेल्या अल्बमसाठी एव्हान्स यांनाच का बोलावले होते, हे आपोआप ध्यानात येते.

'ब्लू इन ग्रीन' दहा बारांची आहे, ॲडर्ली तिच्यात नाहीत आणि तिचा शेवट तिच्या आरंभात असा मिसळतो की वर्तुळ कुठे मिटले ते कळत नाही. ती मोजण्याचा आग्रह धरू नये. 'ऑल ब्लूज' पुन्हा बारा बारांचाच साचा आहे, आधार पांढरी पाच, पण सहाच्या झुलत्या लयीत; दादऱ्यावर वाढलेल्या कानाला ती घरची वाटेल. डेव्हिस तिची धून ट्रम्पेटच्या तोंडाला धातूची म्यूट, म्हणजे आवाज दाबणारे बूच, लावून वाजवतात आणि एकल वादनासाठी ती काढतात. तो बदल हेडफोनवर अगदी जवळून जाणवतो.

शेवटच्या 'फ्लेमेंको स्केचेस'मध्ये ठरलेली बारसंख्याच नाही. पाच स्वरपंक्ती क्रमाने ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर किती थांबायचे हे वादक ठरवतो. मामांना पुढच्या मुक्कामात मी हे ऐकवले तेव्हा त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला आणि म्हणाले, "म्हणजे इथे सम वाजवणाऱ्याच्या मनात आहे. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत असणार." नेमके तसेच आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये या रचनेचे त्याच दिवशीचे, मूळ अल्बममध्ये न घेतलेले ध्वनिमुद्रणही मिळते. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. क्रम तोच, स्वरपंक्ती त्याच आणि वाक्ये निराळी. ही माणसे त्या क्षणी सुचलेले वाजवत होती याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

हे सगळे काम फक्त दोन दिवसांत झाले, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. जागा होती कोलंबिया कंपनीचा तिसाव्या रस्त्यावरचा स्टुडिओ, म्हणजे एके काळचे चर्च. त्या उंच छताची हवा ध्वनिमुद्रणात ऐकू येते. २२ एप्रिल हा पॉल चेंबर्स यांचा चोविसावा वाढदिवस होता. इतक्या पक्क्या पायाचा बेस वाजवणारा माणूस चोवीस वर्षांचा होता, हे मला अजूनही सहज पचत नाही.

नावांच्या मागे जाणे

महिना झाला की दुसरा अल्बम निवडावा, आणि तो 'सर्वोत्तम शंभर'च्या यादीतून न निवडता वहीतल्या सात नावांतून निवडावा. यादीतून निवडलेले अल्बम एकमेकांना ओळखत नाहीत. नावामागून गेले तर प्रत्येक नव्या अल्बममध्ये निदान एक ओळखीचा आवाज भेटतो आणि अनोळखी आवाज त्याच्या सोबतीने कळू लागतात.

चेंबर्स यांच्या मागून गेल्यास कोल्ट्रेन यांचा 'जायंट स्टेप्स' लागतो. त्याचे मुख्य ध्वनिमुद्रण ४ आणि ५ मे १९५९ रोजी झाले, म्हणजे 'फ्लेमेंको स्केचेस' वाजवून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. एका स्वरपंक्तीवर रेंगाळण्याच्या प्रयोगात सामील झालेला हाच माणूस इथे नेमके उलट टोक गाठतो: शीर्षक रचनेत आधार जवळजवळ दर दोन मात्रांना बदलतो आणि लय तुफान आहे. पियानोवरचे टॉमी फ्लॅनागन तिथे थांबत थांबत वाजवताना ऐकू येतात, यावरून त्या वाटेची अवघड चढण कळते. त्याच अल्बममधील 'मिस्टर पी.सी.' ही रचना चेंबर्स यांच्याच नावाची आहे आणि ती बारा बारांचा ब्लूज असल्यामुळे आता सहज मोजता येईल.

ॲडर्ली यांच्या मागून गेल्यास मार्च १९५८ चा 'समथिंग एल्स' मिळतो. त्यात डेव्हिस दुसऱ्याच्या अल्बमवर साथीला आहेत, हे विरळा. एव्हान्स यांच्या मागून गेल्यास डिसेंबर १९५९ चा 'पोर्ट्रेट इन जॅझ' मिळतो. हे दोन अल्बम एकत्र घेण्याचे कारण असे की दोन्हींत 'ऑटम लीव्ह्ज' ही एकच धून आहे. एकच बंदिश दोन गायकांकडून ऐकल्यावर जसे गायक कळतात, तसेच इथे होते. ॲडर्ली-डेव्हिस यांच्याकडे ती जवळजवळ अकरा मिनिटे, गंभीर प्रवेशिकेसह, म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर उलगडते. एव्हान्स यांच्याकडे ती सहा मिनिटांची, चपळ, आणि त्यात बेसवरचे स्कॉट लाफारो चालण्याचे नेहमीचे काम सोडून पियानोशी सवाल-जवाब करू लागतात. मूळ धून पाठ करून घ्यावी आणि दोन्ही ध्वनिमुद्रणांत ती मनात चालू ठेवून वरचे वादन ऐकावे. ही सवय लागली की जॅझमधल्या शेकडो प्रचलित धुनांचे दार उघडते.

एव्हान्स, लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन या त्रयीचे २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये झालेले ध्वनिमुद्रण त्यानंतर ऐकावे. मागे पेल्यांचा किणकिणाट आणि लोकांचे बोलणे ऐकू येते. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेले. ते पंचवीस वर्षांचे होते.

वाद्यसंगीत फार एकसुरी वाटू लागले तर मधेच गायिका एला फिट्झगेराल्ड यांच्याकडे यावे. १९६० साली बर्लिनमध्ये झालेल्या मैफिलीच्या अल्बममध्ये त्या एका गाण्याचे शब्द विसरतात, तिथल्या तिथे नवे शब्द रचत गाणे पुरे करतात आणि दुसऱ्या गाण्यात निरर्थक अक्षरांवर मिनिटेच्या मिनिटे स्वरविस्तार करतात. तराणा ऐकलेल्या माणसाला त्यात शिरायला वेळ लागत नाही.

मागे जाणे त्यानंतर. बारा इंची लाँग प्ले तबकडी १९४८ साली आली. त्याआधी एका बाजूला सुमारे तीनच मिनिटे मावत. म्हणून ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचे १९२८ चे 'वेस्ट एंड ब्लूज' किंवा टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांचे १९३९ चे 'बॉडी अँड सोल' ऐकताना लांब बढतीची अपेक्षा ठेवू नये. हॉकिन्स त्या तीन मिनिटांत दोन कोरस वाजवतात आणि मूळ धून जेमतेम सूचित करून सोडून देतात. जुन्या तबकड्यांची खरखर पहिल्या दहा ऐकण्यांत कानातून निघून जाते. मुक्त, आवर्तन सोडून दिलेले जॅझ मात्र घाईने लावू नये. मोडलेली चौकट कळण्यासाठी आधी चौकट अंगवळणी पडावी लागते.

इथल्या खुणा

हे संगीत आपल्या किनाऱ्यालाही लागलेले आहे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्याच शहरात गाजले आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही वाजले. १९५१ च्या 'अलबेला'मधील फुंकवाद्यांचे तुकडे आता पुन्हा ऐकून पाहावेत, त्यांत स्विंग स्पष्ट सापडेल. टेनर सॅक्सोफोनचे थोर वादक सॉनी रॉलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पवईच्या एका आश्रमात राहून गेले आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रे'साठी मुंबईत परत आले. त्यांचा १९५६ चा 'सॅक्सोफोन कोलोसस' हा माझ्या मते तिसऱ्या महिन्याचा अल्बम आहे. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या 'उस्फ्रेट' या अल्बममध्ये आईचा आवाज आणि डॉन चेरी यांचा ट्रम्पेट एकत्र आहेत. तो मात्र वरच्या सगळ्या प्रवासानंतर ऐकावा, तेव्हा दोन्ही बाजू ऐकू येतात.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात प्रत्यक्ष जॅझ ऐकण्याची संधी मिळाली तर बेसवादक दिसेल अशी जागा धरावी. एकल वादन संपल्यावर, रचना चालू असतानाच, टाळ्या वाजवण्याची रीत आहे. गाणे पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. नवखा श्रोता शेजाऱ्यांच्या टाळ्यांची वाट पाहतो. पण आवर्तन हाताशी असले की शेवटच्या आठ बारांतच वादक आवरते घेतो आहे हे कळते, ड्रमवादक पुढच्याला वाट करून देण्यासाठी काठी उचलताना दिसतो, बेसवादक मान वर करून पियानोकडे पाहतो, आणि आपले हात पहिल्या मात्रेच्या थोडे आधीच जवळ येऊ लागतात.